ख्रिस्ती शेजाऱ्याच्या दारी: लादीन, मीस, मरण आणि नाताळचे ताट

गोव्यात वाडा एकच असतो, त्यात तुळशीवृंदावन असते आणि चार पावलांवर खुरीस, म्हणजे क्रूस. जाणे-येणे, देणे-घेणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. तरी पेडणे, सत्तरीकडून मडगाव-म्हापशात राहायला आलेल्यांना, किंवा सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडून नोकरीला आलेल्यांना, इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, कुठे बसायचे, मरणाला काय न्यायचे, नाताळच्या ताटातले काय चालते, हे विचारायला संकोच वाटतो. संकोचापायी माणूस जायचेच टाळतो, आणि शेजाऱ्याला ते लागते. म्हणून हे बारकाव्यानिशी सांगत आहोत.

सुरुवात लादिनीपासून, म्हणजे खुरसापुढच्या सामुदायिक प्रार्थनेपासून, करा, कारण तिथे परका कोणी नसतो. वाड्यावरच्या खुरसाची लादीन बहुधा मे महिन्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला असते. अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. एक जण सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, एकेक बिरुदे लॅटिनमध्ये गातो आणि जमाव ‘ओरा प्रो नोबीस’ म्हणतो, म्हणजे ‘आमच्यासाठी विनंती कर’. सोबत व्हायोलिन असते. तुम्ही हात जोडून उभे राहा, म्हणता आले तर म्हणा, नाही तर गप्प राहिलात तरी चालते. येताना झेंडूची माळ किंवा मेणबत्त्यांचा पुडा आणा. मात्र मेच्या उन्हात बारीक मेणबत्त्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, वाकून जातात आणि खुरसापुढे उभ्याच राहत नाहीत. संध्याकाळी वारा असतो, काचेची चिमणी बरोबर असली तर उत्तम.

शेवटी उकडलेले चणे वाटतात. चण्यांची वर्गणी तुमच्या वाट्याला आली तर एक किलो सुके चणे घ्या; उकडून ते दोन किलोच्या वर होतात आणि मूठमूठ वाटले तर तीसेक माणसांना पुरतात. रात्री भिजत घाला, पण उन्हाळ्यात एकदा तरी पाणी बदला, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो. मीठ कुकरात चण्यांबरोबरच घाला. वरून टाकलेले मीठ साल सोडून आत जात नाही आणि चणे सपक लागतात. चार-पाच शिट्ट्या, मग पाणी निथळून खोबऱ्याच्या कातळ्या मिसळा. चण्यांबरोबर फेणी किंवा हुर्राक (काजूची हलकी दारू) फिरते. नको असेल तर ‘चणेच पुरे’ म्हणा, कोणी आग्रह धरत नाही.

मिसेला, म्हणजे इगर्जीतल्या उपासनेला, लग्न, बारसे किंवा फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, निमित्ताने जाणे होते. चपला काढायच्या नसतात, पुरुषांनी टोपी मात्र काढायची. मागच्या किंवा मधल्या बाकावर बसा, पुढचे बाक घरच्यांचे. सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. शुभवर्तमान वाचताना उभे राहतात, प्रवचनाला बसतात. घंटी वाजून सगळे गुडघ्यांवर आले की तुम्ही शांतपणे बसून राहिलात तरी त्यात अपमान नाही. शांतीची भेट देताना शेजारचा हात जोडून मान लववतो. तुम्हीही तसेच करा.

चूक होते ती यापुढे. लोक रांगेने पुढे जातात आणि फादर प्रत्येकाला ओस्त, म्हणजे पातळ पांढरी चकती देतात. आपल्या सवयीने हा प्रसाद वाटतो, नाकारणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून माणूस रांगेत शिरतो आणि ती घरच्यांसाठी खिशात टाकतो. असे करू नका. कॅथलिक श्रद्धेने ती ख्रिस्ताचे शरीर असते, आणि ती घ्यायला बावतीज, म्हणजे बाप्तिस्मा, झालेला असावा लागतो. स्वतः कॅथलिकही त्याआधी एक तास काही खात नाहीत. तुम्ही जागेवरच बसा, बाकावरून माणसे बाहेर पडायला लागली की पाय आत घेऊन वाट द्या. चुकून हातात आलीच तर तिथेच फादरना परत द्या, ते समजून घेतात. दानाची पिशवी फिरते, तीत टाकलेच पाहिजे असे नाही.

मरणाला जाणे सर्वांत महत्त्वाचे. लग्न चुकले तर शेजारी विसरतो, मरण चुकले तर नाही. इगर्जीची घंटा, वर्तमानपत्रातली सूचना किंवा फोन, यांतून वेळ कळते. सूचनेत शेवटपर्यंत वाचा: फुले आणू नयेत असे लिहिले असेल तर तसेच करा. कपडे पांढरे किंवा गडद, भडक लाल-पिवळे टाळा. घरी शवपेटीजवळ जाऊन हात जोडा, मग बाजूला व्हा; आपल्याकडच्यासारखे पायांवर डोके ठेवायची गरज नाही. प्रार्थना होऊन पेटी इगर्जीत जाते, मीस होते, मग सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत. तिथे पेटी खाली उतरवल्यावर लोक मूठभर माती टाकतात, तुम्हीही टाकू शकता. पेटी पुरून होईपर्यंत थांबा, मग घरच्यांचे हात धरून भेटा. शब्द सुचले नाहीत तरी चालेल. घरी परतून आंघोळ करण्याची तुमची रीत असेल तर ती पाळा, पण तिथे उभे राहून ती बोलून दाखवू नका.

सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मीस असते. या दिवसांना गेलात तर घरच्यांना फार आधार वाटतो, कारण पहिल्या दिवसाची गर्दी तोवर ओसरलेली असते. मृताच्या नावाने मीस सांगायची असेल तर इगर्जीच्या कार्यालयात नाव आणि तारीख द्या, रक्कम तिथेच विचारा. 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांची आठवण असते. त्या सुमाराला थडगी धुऊन तिथे मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी शेजाऱ्याला कुठल्या मौजेचे आमंत्रण देऊ नका.

कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, रविवार वगळून चाळीस. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान, बहुतेक वेळा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो, त्यामुळे शिगमो, म्हणजे गोव्यातला फाल्गुनातला होळीचा उत्सव, साधारण कोरेज्मातच पडतो. शेजारी रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, नाचला नाही तर त्याला रुसवा समजू नका. या काळातल्या शुक्रवारी त्याला जेवायला बोलावलेत तर मटण-कोंबडी करू नका, मासे चालतात. राखेचा बुधवार (कोरेज्माचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी अठरा ते साठच्या मधली माणसे एकच पूर्ण जेवण घेतात. गुड फ्रायडेला घंटा वाजत नाही, मीसही नसते. त्या दिवशी ‘हॅपी’ म्हणू नका, मोठ्याने गाणी लावू नका. हा वर्षातला सर्वांत शोकाचा दिवस. शुभेच्छा ईस्टरला द्या.

ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त असते. तिला शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानून हिंदूही तेल वाहतात. जाताना बाटलीचे झाकण घट्ट लावा, गर्दीत तेल सांडले की पायऱ्या निसरड्या होतात.

आता ताटांची देवघेव. नाताळात कुसवार, म्हणजे गोडधोडाचे ताट, येते, त्यात बेबिंक हा थरांचा गोड पदार्थ असतो आणि बेबिंकीत भरपूर अंड्यांचा बलक असतो. केकातही अंडी. डोदोल गूळ, नारळाचा रस आणि तांदळाच्या पिठाचा. दोस हरभऱ्याची डाळ, खोबरे आणि साखरेचा. ही दोन्ही सहसा बिनअंड्याची. नाताळ पुष्कळदा मार्गशीर्षात येतो, गुरुवारचे व्रत असेल तर डोदोल ठेवून द्या, दुसऱ्या दिवशीही चांगले राहते. आलेले ताट रिकामे परत करू नका, साखर किंवा नारळ ठेवून द्या.

चवथीला (गणेश चतुर्थीला) तुमच्याकडून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जातात तेव्हा एक काळजी घ्या. देवाला दाखवलेला नैवेद्य खायचा नाही असे काही ख्रिस्ती कुटुंबे कसोशीने पाळतात. तोंडावर नाही म्हणत नाहीत, पण घरी तो कोणी खात नाही. नैवेद्य दाखवण्याआधी त्यांचा वाटा वेगळ्या डब्यात काढा, आणि देताना ‘हे आधीच काढून ठेवले आहे’ असे सांगा.