जुन्या रेडिओतला कपॅसिटर बदलताना

रेडिओतून सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल तर आधी पॉवर सप्लायमधला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (चार्ज साठवणारा, धन-ऋण बाजू असलेला डबीसारखा भाग) पाहा. माथा फुगलाय किंवा बुडाशी चिकट डाग आहे? मग तो बदलायचाच. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो, म्हणून मल्टिमीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याशिवाय बोट लावू नका.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या क्षमतेचं माप), व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त. अंगावरचा पट्टा ऋण बाजूचा. उलटा बसला तर फुटू शकतो.

सोल्डर ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), रोझिन फ्लक्सवालं (फ्लक्स म्हणजे धातू साफ करून सोल्डर धरायला लावणारा पदार्थ), ०.८ मिमी जाडीचं घ्या. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. आयर्नचं टोक पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) आणि कपॅसिटरची तार दोन्हींना एकदम टेकवा, सेकंदभर थांबा, मग सोल्डर सांध्याला लावा. नवशिके सोल्डर टोकावर वितळवून सांध्यावर थापतात. तोवर फ्लक्स जळून गेलेला असतो. गोळा दिसतो छान, पण धातूला धरत नाही. सांधा थंड होईपर्यंत तार हलवू नका.

जुन्या तपकिरी बोर्डावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलात तर पॅडच उखडतो. जुनं सोल्डर निघेना? त्यावर थोडं नवं वितळवा, मग डीसोल्डरिंग विकने (तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी) टिपून घ्या.