गरम झाल्यावर गार्डन ट्रॅक्टर परत चालू होत नाही? थंड व्हायच्या आत एवढं बघा

सकाळी पहिल्या सेल्फला चालू होतो, तासभर गवत मस्त कापतो, मग पाणी प्यायला म्हणून बंद केला की नंतर चावी कितीही फिरवा, इंजिन काही पकडत नाही, आणि अर्धा पाऊण तास उभा ठेवला की परत जसं काही झालंच नव्हतं. पाऊस गेल्यावर आपल्या गोव्यात डिचोली, सत्तरी, फोंड्याकडे काजूच्या बागा आणि माडाखालची जागा साफ करायला घेतात ना, तेव्हा ही तक्रार हमखास येते, ऑक्टोबरचं ऊनच तसलं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे हा दोष गरम असतानाच दिसतो. टेम्पोत घालून मेकॅनिककडे नेईपर्यंत इंजिन थंड होतं, तिथे लगेच चालू होतं, मग तो प्लग बदलून देतो आणि दुसऱ्या दिवशी बागेत परत तेच. म्हणून प्लग पाना, एक चांगला प्लग आणि जमलं तर स्पार्क टेस्टर ट्रॅक्टरवरच ठेवा, आणि बंद पडला की तिथल्या तिथेच तपासा. हँडब्रेक लावा, ब्लेड बंद करा, सायलेन्सरला हात लागू देऊ नका, आणि जवळपास कोणी विडी सिगरेट ओढत असेल तर त्याला आधी लांब पाठवा.

आता सेल्फ फिरतो का ते बघा. फिरतच नसेल तर पेट्रोल, प्लग यांच्या मागे लागू नका. या ट्रॅक्टरना सीटखाली, ब्रेक पेडलला आणि ब्लेडच्या लिव्हरला सेफ्टी स्विच असतात, पेडल पूर्ण दाबा, ब्लेड बंद आहे ना खात्री करा, सीटवर नीट बसा. मग बॅटरी. चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी संपली. आपल्याकडची हवा खारी, टर्मिनलवर पांढरा हिरवा थर लवकर धरतो, तो घासून काढा आणि अर्थची वायर चेसीला जिथे बोल्टने बसते तो बोल्टसुद्धा सोडून साफ करा, ते बहुतेक जण विसरतात. सेल्फ अर्धा फिरून अडकत असेल, बॅटरी चांगली असूनही, तर टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप) बघावे लागतील, ते शेवटी सांगतो.

सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर आधी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि त्यानंतर इंजिन चालू झालं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. लाल धूळ, गवताचा भुसा, आणि पावसाळाभर मशीन शेडमध्ये पडून असेल तर कुंभारीण माशीचं मातीचं घर, यातलं काहीही असू शकतं. झाकण सुट्टं काढून हवा मारा.

तेवढ्याने झालं नाही तर प्लग काढा, आणि नीट बघा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल जास्त झालंय, गरम इंजिनाला चोक ओढायची सवय असेल तर सोडा. चोक उघडा ठेवून, रेस पूर्ण देऊन, सुका प्लग लावून सेल्फ मारा. प्लग अगदी कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही: कॉक, फिल्टर, आणि पेट्रोलचा पाइप सायलेन्सरजवळून जात असेल तर आत वाफ धरते, पाइप बाजूला बांधा. कार्बोरेटरच्या खाली वायर जोडलेला सोलेनॉइड (पेट्रोल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) असेल तर चावी ऑन करताना टक् असा आवाज यायला पाहिजे, नसेल येत तर कार्बोरेटर खोलायच्या आधी ती वायर तपासा.

मग स्पार्क. टेस्टर नसेल तर प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून सेल्फ मारा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. निळा, कडक स्पार्क दिसला तर ठीक. नसेल तर लगेच कॉइल (प्लगला करंट देणारा भाग) विकत आणू नका! कॉइलवरून स्विचकडे जाणारी बारीक वायर काढून बघा, तीच इंजिन बंद करते. ती काढल्यावर स्पार्क आला तर दोष सीट स्विच, चावी किंवा सोललेल्या वायरमध्ये आहे. तशा अवस्थेत इंजिन चालू झालं तर चावीने बंद होणार नाही हे लक्षात ठेवा, आणि ही फक्त तपासणी आहे, वायर जोडल्याशिवाय कामाला लागू नका. वायर काढूनही स्पार्क नाही आणि थंड झाल्यावर परत येतो, म्हणजे कॉइलच, गरमीने आतलं वाइंडिंग तुटतं आणि थंड झालं की जोडलं जातं. कॉइल बदलायचं हे खरं कारण.

पण कॉइल का तापला तेही बघा ना. वरचं पत्र्याचं झाकण काढलं की सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये गवत ठासून भरलेलं सापडतं, ओलं गवत कापलं असेल तर नक्कीच. थंड झाल्यावर काडीने, ब्रशने काढा, गरम इंजिनावर पाणी मारू नका.

पेट्रोलचंही सांगतो, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर टाकीत पडलेलं पेट्रोल वापरू नका, काढून टाका.

टॅपेट थंड इंजिनावरच मोजायचे. मापं मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.१० ते ०.२० मिमीच्या दरम्यान असतात. गॅप फार कमी झाला तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं, फार वाढला तर डिकॉम्प्रेशन (सेल्फ मारताना सिलिंडरमधला दाब थोडा सोडणारी सोय) काम करत नाही आणि सेल्फ अडकतो. आणि ब्लेड जांभ्या दगडावर आपटून बंद पडला असेल तर वरचं सगळं सोडा, फ्लायव्हीलला शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी धातूची पट्टी (की) कापली गेली का ते आधी बघा.