जुन्या गाडीच्या पेट्रोल टाकीला रंग कोणता द्यायचा?

बॉडीच्या रंगासाठी लोक शेड कार्डं चाळून चाळून मळवतात, आणि टाकीची वेळ आली की पेंटरकडे उरलेला काळा मारून मोकळे होतात. गाडी रोजच्या वापराची असेल तर त्यात फार बिघडत नाही. पण गाडी मुळासारखी करायची असेल, तर जॅकवर चढवल्यावर मागून पहिली दिसते ती टाकीच. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाडीखाली चकचकीत काळी टाकी दिसली की जाणकार तिथेच मान हलवतो. त्या टाक्यांना कारखान्यात बहुधा रंग दिलेलाच नसायचा.

त्यांचा पत्रा शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेला असे. गॅरेजवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कल्हईसारखाच प्रकार, फक्त त्यात कथलापेक्षा शिसं कितीतरी जास्त. हा मुलामा गंज थोपवायचा आणि त्यावर डाग (सोल्डरचा जोड) धरायचाही सोपा, म्हणून टाकीला वेगळा रंग लागायचा नाही. नवा असताना तो मंद रुपेरी दिसतो, जुना झाला की राखाडी पडतो. शेवर्ले कॅमेरो, शेव्हेल, फोर्ड मस्टँग यांच्या टाक्यांची हीच कथा. त्यावर बॉडीच्या रंगाचा किंवा काळ्या अंडरकोटचा थोडा फवारा उडालेला असे, आणि तोही मूळचाच मानला जातो. ब्रिटिश गाड्यांची तऱ्हा वेगळी. एमजीबी या स्पोर्ट्स कारची टाकी काळी. जर्मन फोक्सवॅगन बीटलची पुढच्या डिकीत बसणारी टाकीही काळीच. विलिस जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि सीट काढताच दिसते. लष्करी जीप असेल तर ती बॉडीसारखीच मॅट ऑलिव्ह हिरवी हवी. नागरी जीपलाही बॉडीचाच रंग शोभतो, कारण तिथे टाकी बॉडीचाच भाग वाटते.

म्हणजे टाकी कुठे बसते आणि तिचा पत्रा कसला आहे, हे आधी बघायचं. शेड कार्ड त्यानंतर.

मूळ रंग शोधायचा कुठे

टाकी उतरवल्यावर लगेच धुवू नका. आधी चारही बाजूंनी फोटो घ्या. पन्नास वर्षांच्या चिखलाखालीही मूळ पृष्ठभाग काही ठराविक जागी शाबूत राहतो: टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखाली, पट्टा आणि पत्रा यांच्यामधल्या रबर किंवा नमद्याच्या पट्टीखाली, फ्लोट युनिटच्या (टाकीतलं पेट्रोल मोजून गेजला सांगणारा भाग) लॉक रिंगखाली आणि फिलर नेकच्या रबरी बुशाच्या आत. तिथे केरोसिनमध्ये भिजवलेल्या फडक्याने अलगद पुसा. थिनर नको, तो मूळ रंगच ओढून नेतो. खडूच्या खुणा, ठोकलेले आकडे, शिक्के दिसले तर त्यांचे जवळून फोटो घ्या, मोजपट्टी बाजूला ठेवून. नंतर तेच पुन्हा काढता येतात.

शेव्हेलसारख्या काही जनरल मोटर्सच्या गाड्यांत टाकीच्या वरच्या अंगाला, बॉडीच्या पत्र्याखाली, कारखान्यातला बिल्ड शीटचा कागद सापडतो. ती गाडी कोणकोणत्या सामानासह बांधली, हे त्यावर छापलेलं असतं. गाडीच्या अस्सलपणाचा याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो, आणि प्रेशर वॉशरच्या एका फवाऱ्यात त्याचा लगदा होतो. टाकी खाली घेताना हात वरून फिरवा. कागद लागला तर ओढू नका, रुंद सुरीने हळूहळू सोडवा.

कोणता रंग कोणाला

मुलाम्याची टाकी असेल आणि मुलामा बऱ्यापैकी टिकला असेल, तर सगळ्यात उत्तम म्हणजे रंगच देऊ नका. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बारीक स्कॉचब्राइटने ओलं घासा, कोरडं करा आणि वर टू-के (हार्डनर मिसळायचा) मॅट क्लिअर, म्हणजे बिनचमक पारदर्शक थर, मारा. कोरडं घासणं पूर्ण टाळा. ती धूळ शिशाची असते, तिच्यावर सँडर तर अजिबात चालवू नका. हातमोजे घाला आणि घासलेलं पाणी बागेत ओतू नका.

मुलामा गेला असेल, ठिकठिकाणी गंज असेल, तर तोच देखावा रंगाने आणायचा. नेहमीची चूक इथे होते: हार्डवेअरच्या दुकानातला ॲल्युमिनियम पेंट. तो भांड्यासारखा चमकतो, बोटाला लागतो आणि पेट्रोलच्या एका ओघळात धुऊन जातो. आरएएल शेडमध्ये (रंगछटांचे ठरलेले क्रमांक) बोलायचं तर 9006 हा उजळ रुपेरी आणि 9007 हा गडद राखाडी रुपेरी. नव्या टाकीचा देखावा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, वापरलेल्या टाकीचा 9007 कडे झुकतो. रंगाच्या दुकानात बारीक दाण्याचा सिल्व्हर बेसकोट (क्लिअरखाली मारायचा रंग) मागा. मोठ्या दाण्याचा सिल्व्हर लुकलुकतो आणि टाकी खेळण्यातली वाटते. 500 मिली बेसमध्ये आधी 10 मिली काळा टोनर घाला, ढवळा, नमुना पत्र्यावर मारा, मग 5-5 मिलीने वाढवत जा. लुकलुक तरीही जास्त वाटली तर किंचित पांढरा टोनर तिला मारतो. ईस्टवुड या अमेरिकन कंपनीचा टँक टोन हा रंग खास या मुलाम्याच्या देखाव्यासाठीच आहे. परदेशात राहणाऱ्यांना तो सोपा पडेल.

काळा निवडलात तर सॅटिन घ्या. आरएएल 9005, पण चमक अर्धीच. पूर्ण ग्लॉसमध्ये टाकीचा प्रत्येक पोचा उठून दिसतो आणि पूर्ण मॅट तेलाचे डाग पिऊन कायमचा मळका होतो. काळ्याचा खरा तोटा वेगळाच आहे: बारीक गळती त्यावर दिसत नाही. राखाडीवर पेट्रोल झिरपलं की पिवळट-तपकिरी डाग महिन्याभरात नजरेत भरतो. गाडी रोज पळणारी असेल आणि मूळ रंगाचा आग्रह नसेल, तर आमचं मत सरळ राखाडीला.

बॉडीचा रंग टाकीला द्यावा तो टाकी नजरेसमोर असेल तेव्हाच. 1964 ते 1970 च्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, त्यामुळे एकच टाकी डिकीतून आणि गाडीखालून अशी दोन्हीकडून दिसते. डिकीतली चटई उचलून पाहणारा परीक्षक हमखास भेटतो, म्हणून वर आणि खाली वेगवेगळा रंग मारून डिकीत नवाच देखावा उभा करू नका. लाल, पिवळी, जांभळी टाकी प्रदर्शनातल्या हॉट रॉडला (हौसेने बदललेल्या गाडीला) शोभते. पद्मिनीखाली ती बघवत नाही.

काळी टाकी पेट्रोल तापवते, ही भीती गाडीखालच्या टाकीपुरती सोडून द्या. तिथे ऊन पोचतच नाही. टाकी तापते ती शेजारून जाणाऱ्या सायलेन्सरमुळे, आणि त्यावर उपाय पत्र्याची हीट शील्ड हाच.

रंगाचा प्रकार शेडहून महत्त्वाचा

आपल्याकडे सर्व्हिसिंगच्या नावाखाली टाकीवर सर्रास डांबरी अंडरकोट मारला जातो. डांबर पेट्रोलमध्ये विरघळतं. फिलर नेकच्या आसपास तो आधी चिकट होतो, मग ओघळतो, आणि सुटलेल्या पदराखाली पाणी अडकून पत्रा आतल्या आत कुजतो. तो असेल तर पूर्ण काढा, त्यावर दुसरा रंग चढवू नका.

डबा हलवून मारायचे साधे स्प्रे, सिंथेटिक इनॅमल, जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) ड्युको हे सगळे पेट्रोलपुढे कमीअधिक हार मानतात. टिकतो तो हार्डनर घालून मारायचा टू-के पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी. मेटॅलिक बेसकोटवर क्लिअर न मारता सोडणं हा एक फसवा प्रकार आहे. वाळल्यावर तो अगदी मुलाम्यासारखा मंद दिसतो, म्हणून लोक तसाच ठेवतात, आणि पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरली की बोळ्याने पुसल्यासारखा निघतो. त्यावर मॅट क्लिअर हवाच.

परीक्षा सोपी आहे. नमुना पत्र्यावर तोच प्रायमर आणि तोच रंग मारा, सात दिवस वाळू द्या, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस 10 मिनिटं ठेवा. कापसाला रंग लागला किंवा नख रुतलं, तर तो रंग टाकीला नको. हाच नमुना पट्ट्याखाली सापडलेल्या मूळ पृष्ठभागाशेजारी धरून उन्हात आणि गाडीखाली टॉर्चच्या उजेडात, असा दोनदा बघा. मेटॅलिक शेड दोन्हीकडे वेगळी दिसते. टाकी बघितली जाणार ती टॉर्चनेच.

पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण डागाच्या जोडांची टाकी त्यात टाकू नका. कोटिंगची भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर चालते आणि शिसं-कथलाचा डाग 183 अंशांपासूनच मऊ पडायला लागतो. टाकी बाहेरून सुंदर होऊन येते आणि जोडातून गळते. शिवाय पेट्रोलचा अंश राहिलेली टाकी भट्टीत घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

तयारी आणि रंगकाम

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. पेट्रोल उघड्यावर, धातूच्या झाकणबंद डब्यात काढा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते, हे विसरू नका: आत उरलेली वाफ आणि हवा यांचं मिश्रणच पेटतं, आणि हवेत जेमतेम दीड टक्का वाफ त्याला पुरते. फ्लोट युनिट काढून साबणाच्या गरम पाण्याने टाकी दोन-तीनदा हिसळा, मग तोंडं उघडी ठेवून काही दिवस हवेशीर जागी ठेवा. ग्राइंडर, वायर व्हील, वेल्डिंग यांपैकी काहीच जवळ येऊ देऊ नका. डाग किंवा वेल्डिंग लागत असेल तर टाकीचंच काम करणाऱ्या कारागिराकडे द्या.

रंगाआधी गळती तपासा. सगळी तोंडं बंद करून फार तर 2 पीएसआय हवा द्या आणि जोडांवर साबणाचा फेस लावा. यापेक्षा जास्त दाबाने टाकी फुगते आणि मग जागेवर बसत नाही. सुई टोचून पत्रा आरपार जात असेल, तर रंगाचा विचार सोडून नवी टाकी बघा. बाजारातल्या नव्या टाक्यांच्या पत्र्यावर तेलाचा पातळ थर असतो. तो ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसल्याशिवाय प्रायमर धरत नाही.

60 लिटरच्या टाकीचं क्षेत्रफळ साधारण 1.2 चौरस मीटर भरतं. गनमधून उडून जाणारा रंग धरूनही दोन हातांसाठी मिसळून तयार इपॉक्सी प्रायमर अर्धा लिटर, रंग अर्धा लिटर, आणि मेटॅलिक असेल तर क्लिअर अर्धा लिटर पुरतो. उघड्या पत्र्यावर थेट इपॉक्सी मारा. खाली ॲसिड एच (etch, आम्लाने पत्र्याला पकडणारा) प्रायमर मारून त्यावर इपॉक्सी चढवू नका, तो नंतर पापुद्र्याने सुटतो. दोन हातांमधली वेळ डब्यावर लिहिली असेल तीच पाळा. मेटॅलिक मारताना गन जवळ धरली तर शेड गडद होऊन ढग उठतात, लांब धरली तर फिकट आणि खरखरीत होते. टाकी मोठी नाही, सगळा हात एकाच अंतरावरून मारणं जमतं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसाला घातक रसायन असतं. कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे, आणि वास आला नाही म्हणजे हवा स्वच्छ असंही नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम बूथ असलेल्या पेंटरला द्या.

सगळ्यात जास्त काळजी टाकीच्या वरच्या अंगाची घ्या, कारण टाक्या सडतात त्या वरून. एमजीबीची टाकी याचं ठळक उदाहरण: टाकी आणि डिकीचा तळ यांच्या फटीत चिखल साचतो आणि ओल धरून ठेवतो. तिथे प्रायमरचा एक हात जास्त द्या, पट्ट्यांखालच्या पट्ट्या नव्या घाला आणि त्या पाणी शोषणाऱ्या नकोत, रबरी हव्यात.

मास्किंग टेप कुठे लावायचा हेही ठरलेलं आहे: ड्रेन प्लगचे आटे, हवेच्या नळीचं तोंड, फिलर नेकची आतली बाजू आणि फ्लोट युनिट बसतं ती कड. शेवटच्या जागी टेप विसरला की पेट्रोल गेजचं गणित बिघडतं. युनिटला विजेचं अर्थिंग टाकीच्या पत्र्यातून मिळत असेल तर रंगाचा जाड थर ते तोडतो. जनरल मोटर्सच्या गाडीत काटा फुलच्याही पलीकडे जातो, जुन्या फोर्डमध्ये रिकाम्यावर चिकटतो, आणि लोक नवं गेज विकत आणतात. टाकी रबरावर बसवली असेल तर चेसीपर्यंत अर्थिंगची वेगळी तार द्या.

रंगानंतर सात दिवस पेट्रोल भरू नका. मग आधी 5 लिटर घाला, रात्रभर ठेवा, सकाळी युनिटची कड आणि ड्रेन प्लग टिश्यू पेपरने पुसून बघा. कागद कोरडा असेल तर काठोकाठ भरा आणि फिलर नेकचा जोड तसाच पुन्हा तपासा, कारण तो अर्ध्या टाकीला कधीच गळत नाही.