फारसं कुणाला ठाऊक नसलेलं फँटसी वेबकॉमिक दुसऱ्याच्या गळी कसं उतरवावं

वेबकॉमिक म्हणजे इंटरनेटवर पानापानाने येणारी चित्रकथा. ते कॉमिक तुम्ही स्वतः आजच्या पानापर्यंत वाचलेलं आहे, असं मी धरून चालते.

आधी माणूस निवडा. एका वेळी एक माणूस, एक कॉमिक. दहा नावांची यादी पाठवली की त्यातलं एकही वाचलं जात नाही.

मग दोन वाक्यांत ओळख. 'यात सात राज्यं आहेत, जादूचे तीन पंथ आहेत' असलं काही नको. एक प्रसंग सांगा. अर्सुला व्हर्नन यांच्या 'डिगर'बद्दल मी इतकंच सांगते : भुयार खणता खणता वाट चुकलेली एक वॉम्बॅट (ऑस्ट्रेलियातला बिळं खणणारा प्राणी) थेट एका देवळात जमिनीतून वर येते आणि तिथली गणपतीची मूर्ती तिच्याशी बोलायला लागते. समोरचा लगेच विचारतो, मग? या कॉमिकला २०१२ साली ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीसाठीचा पुरस्कार मिळाला, हे मी कुणी विचारलं तरच सांगते.

आता मी वर्षानुवर्षं जिथे ठेचकाळत आले ती जागा : वाचायला सुरुवात कुठून करायला सांगायची?

बहुतेक वेबकॉमिकच्या साइटचं मुखपृष्ठ सगळ्यात ताजं पान दाखवतं. मी एका मावसभावाला नुसती साइटची लिंक पाठवली होती. ज्या व्यक्तिरेखेवर शेकडो पानं जीव लावायचा, तीच त्याला पहिल्या नजरेत मरून पडलेली दिसली. त्याने ते कॉमिक आजतागायत वाचलेलं नाही आणि मला त्याची अजून हळहळ वाटते. म्हणून पहिलं पान स्वतः उघडा, त्याच पानाची लिंक घ्या आणि पाठवण्याआधी ती एकदा उघडून बघा.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती शहाणा सल्ला म्हणून फिरते : 'सुरुवातीची चित्रं कच्ची आहेत, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून वाच.' मीही हे खूप जणांना सांगितलं. अजिबात सांगू नका. टॉम सिडेल यांचं 'गनरक्रिग कोर्ट' २००५ पासून चालू आहे आणि तेव्हाची चित्रं आजच्या पानांशेजारी ठेवली तर दुसऱ्याच कुणाच्या हातची वाटतात. पण पहिल्याच प्रकरणात त्यातल्या नायिकेला, एका शाळकरी मुलीला, आपल्याला दोन सावल्या आहेत हे कळतं, आणि ती जास्तीची सावली पुलापलीकडच्या रानात पोचवण्यासाठी ती एक यंत्रमानव जोडते. ती सावली आणि तो यंत्रमानव पुढे परत येतात. सुरुवात गाळून आलेल्या वाचकाला तेव्हा काहीच वाटत नाही, आणि 'यात एवढं काय आहे' म्हणून तो निघून जातो. फँटसीत बी पहिल्या पानांतच पेरलेलं असतं.

तेव्हा पहिल्या पानापासूनच वाचायला सांगा, पण चित्रं पुढे बदलत जातात हे आधीच मोकळेपणाने सांगा आणि एक थांबा द्या : 'पहिलं प्रकरण संपव, मग मला सांग.' थांबा निवडण्यासाठी सुरुवातीची पानं पुन्हा वाचा. एक कोडं सुटलंय आणि त्याहून मोठं नुकतंच पडलंय, अशी जागा हवी. 'पहिली शंभर पानं कशीतरी काढ, मग रंगतं' हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. शंभर पानं कशीतरी काढायला कुणीही बांधील नसतं.

पानाखालच्या प्रतिक्रिया वाचू नकोस, हेही तेव्हाच बजावा. जुने वाचक तिथे पुढचं सगळं बोलून मोकळे होतात.

उभं सरकवत वाचायचं कॉमिक फोनवर चालतं. पानांच्या मांडणीचं मोठ्या पडद्यावर, नाहीतर अक्षरं दिसत नाहीत. कॉमिक अर्धवट बंद पडलेलं असेल तर ते आधी सांगा. आणि पानांचे फोटो कापून पाठवू नका, लिंकच पाठवा. वाचक त्या साइटवर गेला तरच चित्रकाराला चार पैसे मिळण्याची शक्यता असते.

मग गप्प बसा. आठवडाभर 'वाचलंस का' नाही. आवडलं नाही म्हणाला तर वाद नाही. आणि एखाद्या रात्री 'ती दुसरी सावली नक्की कुणाची?' असा निरोप आला, तर उत्तर देऊ नका, पुढच्या प्रकरणाची लिंक पाठवा.