अमेरिकेतील जुन्या शेतकरी घराण्याची वंशावळ शोधताना या चुका टाळा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत तिथलीच सून किंवा जावई असणे आता नवलाचे राहिलेले नाही. नातवंडांना शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला की त्याची अर्धी बाजू आजी-आजोबा तोंडपाठ सांगतात, पण उरलेल्या अर्ध्या बाजूसाठी व्हर्जिनिया, केंटकी किंवा ओहायोतील दोनशे वर्षांपूर्वीचे कागद धुंडाळावे लागतात. वंशावळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वही येते. गाव आणि आडनाव सांगितले की ती उघडते आणि पणजोबांचे नाव समोर दिसते. अमेरिकेत अशी वही कोणी ठेवली नाही. तिथला कागद कर वसूल करण्यासाठी, जमीन विकण्यासाठी, मयताचे कर्ज फेडण्यासाठी किंवा लढाईतल्या चाकरीची पेन्शन मिळवण्यासाठी लिहिला गेला; नाते त्यात ओघाने आले तर आले. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

उदाहरण म्हणून लिंकन घराणे घेऊ, कारण ते चारचौघांसारखे, दर पिढीला नवी जमीन शोधत पश्चिमेकडे सरकणारे शेतकरी घराणे होते आणि त्याचे कागद सर्वांसाठी खुले आहेत. सॅम्युअल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये आला. त्याचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियात गेला, पणतू जॉन १७६८ च्या सुमारास व्हर्जिनियातील शेनान्डोआ खोऱ्यात, आणि जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम १७८२ च्या सुमारास केंटकीत. अब्राहमचा मुलगा थॉमस १८१६ मध्ये इंडियानात आणि १८३० मध्ये इलिनॉयमध्ये गेला. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन हे या थॉमसचे चिरंजीव. काँग्रेसचे सदस्य असताना १८४८ मध्ये त्यांनी स्वतः मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियातील लिंकनांना पत्रे पाठवून आपल्या पूर्वजांची चौकशी केली होती. तरीही १८५९ मधील छोट्या आत्मवृत्तात त्यांना एवढेच लिहिता आले की, न्यू इंग्लंडमधील (मॅसॅच्युसेट्सच्या भागातील) लिंकनांशी नाते जोडण्याच्या प्रयत्नातून इनॉक, लेवी, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे ठोस काही निघाले नाही. नाते खरे होते, पण ते सिद्ध करणारे कागद त्यांच्या हाती नव्हते.

पहिली चूक: आजच्या नकाशावरून काउंटी ठरवणे

सर्वांत जास्त वेळ या चुकीत वाया जातो. जमिनीचे खरेदीखत, मृत्युपत्र, लग्न आणि कर यांची दप्तरे बहुतेक राज्यांत काउंटीच्या, म्हणजे राज्याच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टहाउसमध्ये असतात, आणि वस्ती वाढत गेली तशा मोठ्या काउंट्या फोडून लहान काउंट्या केल्या गेल्या. कुटुंब त्याच घरात राहते आणि त्याचा पत्ता मात्र बदलतो. मॉर्डेकायचे १७३३ मधले दगडी घर पेनसिल्व्हेनियात आजही उभे आहे. ते आज बर्क्स काउंटीत दाखवले जाते, पण बर्क्स काउंटी १७५२ मध्ये निर्माण झाली. त्याआधी तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता. जॉन व्हर्जिनियात गेला तेव्हा त्याची जमीन ऑगस्टा काउंटीत होती, १७७८ पासून ती रॉकिंगहॅम काउंटीत आली. राष्ट्राध्यक्षांचे जन्मस्थान तेव्हाच्या हार्डिन काउंटीत होते. आज ते १८४३ मध्ये स्थापन झालेल्या लारू काउंटीत आहे.

नवी काउंटी झाली म्हणून जुने कागद तिकडे पाठवले जात नसत. ते मूळ काउंटीच्या कपाटातच राहात. म्हणून एखाद्या सालाच्या मागे कुटुंब एकदम नाहीसे झाले, तर ते दुसरीकडून आले असे मानण्याआधी ती काउंटी केव्हा आणि कोणत्या काउंटीतून निघाली ते पाहावे. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता आणि वेस्ट व्हर्जिनिया १८६३ मध्ये वेगळे राज्य झाले, त्यामुळे राज्याच्या नावावरही विसंबता येत नाही.

दुसरी चूक: लग्नाची नोंद नवऱ्याच्या गावी शोधणे

लग्न मुलीकडे होते, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण अमेरिकी कागद चाळताना आपणही ते विसरतो. थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद ते जिथे राहिले त्या हार्डिन काउंटीत शोधली गेली, सापडली नाही, आणि लग्न झालेच नव्हते अशी कुजबुज देशभर पसरली. नोंद होती ती वधूकडच्या वॉशिंग्टन काउंटीत, आणि ती उजेडात आली तेव्हा राष्ट्राध्यक्ष हयात नव्हते. पुढे १८१९ मध्ये विधुर थॉमस इंडियानात राहात असतानाही त्याचे दुसरे लग्न केंटकीतील एलिझाबेथटाउन येथे, म्हणजे सारा बुश जॉन्स्टनच्या गावी झाले.

वॉशिंग्टन काउंटीतला तो कागद जवळून वाचण्यासारखा आहे. १० जून १८०६ ची तारीख असलेले हे पन्नास पौंडांचे हमीपत्र आहे: या लग्नाला कायद्याची आडकाठी निघाली, तर सही करणारे एवढी रक्कम भरतील. प्रत्यक्ष लग्न १२ जूनला झाले आणि ते धर्मोपदेशकाने कळवलेल्या यादीत येते. हमीपत्राची तारीख म्हणजे लग्नाची तारीख नव्हे. क्वचित हमीपत्र होऊनही लग्न होत नसे. थॉमसबरोबर सही आहे रिचर्ड बेरी याची, आणि त्याने स्वतःला पालक म्हटले आहे. असा जामीनदार बहुधा वधूच्या नात्यातला असे. वधूच्या माहेरचा पत्ता हरवला असेल, तर नवरा-नवरीची नावे उतरवून घेऊन कागद मिटू नये. जामीनदाराचे नाव घेऊन पुढचा शोध सुरू करावा.

तिसरी चूक: एक नाव म्हणजे एक माणूस समजणे

सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम या छोट्या गावात थॉमस लिंकन नावाचे चार जण होते. गावच्या कागदांत त्यांना विणकर, गिरणीवाला, पिंपे करणारा आणि शेतकरी अशा धंद्यांवरून ओळखले आहे. धंद्याचा शब्द गाळून केवळ नाव उतरवणाऱ्याच्या वंशावळीत एकाच थॉमसला चौघांच्या बायका-मुले चिकटतात. पेनसिल्व्हेनियातही तोच घोळ संभवतो. मॉर्डेकायचा धाकटा मुलगा अब्राहम वडिलांच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये जन्मला, त्यामुळे त्याचे नाव मृत्युपत्रात येणे शक्यच नव्हते. त्याचा पुतण्या, म्हणजे जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम, १७४४ चा. काका-पुतण्यांत जेमतेम आठ वर्षांचे अंतर, पण काका पेनसिल्व्हेनियातच राहिला आणि पुतण्या केंटकीत मारला गेला. अशा वेळी नावापेक्षा जमीन, बायको आणि शेजारी अधिक भरवशाचे ठरतात. प्रत्येक कागदावरचे साक्षीदार आणि लगतच्या जमिनीचे मालक उतरवून घेतले की दोन अब्राहम आपोआप वेगळे होतात.

सीनियर आणि ज्युनियर हे शब्दही फसवतात. त्या काळी एकाच भागातील एकाच नावाच्या दोघांपैकी वयाने मोठा तो सीनियर. तो बाप असेलच असे नाही, आणि मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई. आपल्यासाठी खास धोका मधल्या नावाचा आहे. मराठी डोळ्याला मधले नाव दिसले की ते वडिलांचे वाटते; अमेरिकेत ते अनेकदा आईचे माहेरचे आडनाव असते, आणि अठराव्या शतकातील इंग्रजी वळणाच्या शेतकरी घरांत तर मधले नाव क्वचितच आढळते.

स्पेलिंगविषयी थोडक्यात. नाव कारकून कानाने ऐकून लिहीत असे. कॅप्टन अब्राहमच्या केंटकीतील चारशे एकरांच्या मोजणीत आडनाव लिंकहॉर्न असे आहे. जर्मन घरांतला म्युलर पुढे मिलर होई, झिमरमानचा कधी कधी थेट अर्थाने कार्पेंटर. न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यावर अधिकाऱ्यांनी नाव बदलल्याची गोष्ट अनेक घरांत सांगितली जाते. ते ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी उघडले, आणि तिथे जहाजाच्या यादीवरूनच नावे तपासली जात. वसाहतकाळात आलेल्या घराण्याशी त्याचा संबंध नाही.

चौथी चूक: जनगणनेच्या रकान्यांतून मुले मोजणे

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, परंतु १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई आणि बाकीची माणसे वयाच्या रकान्यांत आकड्यांनी दाखवली जात. घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव १८५० पासून येते आणि कुटुंबप्रमुखाशी नाते १८८० पासून. म्हणून १८५० च्या पानावर एका घरात एक पुरुष, एक स्त्री आणि पाच मुले दिसली, तरी ती स्त्री त्या मुलांची आई आहे असे तो कागद म्हणत नाही. गुलामीतील माणसांची १८५० आणि १८६० ची यादी मालकाच्या नावाखाली असून त्यांची स्वतःची नावे तीत बहुतेक नाहीत; ती माणसे नावानिशी बहुतांशी १८७० मध्येच भेटतात, आणि त्यामागचा शोध मालकाच्या मृत्युपत्रात व मालमत्तेच्या यादीत घ्यावा लागतो.

१८२० च्या तक्त्यात एक खोडा आहे. गोऱ्या पुरुषांसाठी १६ ते १८ असा एक रकाना आहे आणि त्याला लागूनच १६ ते २६ असा दुसरा. त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा दोन्हीकडे मोजला जातो. बेरीज करताना घरात एक मुलगा वाढला, तर आधी हे तपासावे. शिवाय आकडा म्हणजे अपत्य नव्हे. त्या वर्षी थॉमस लिंकनच्या घरी नॅन्सीची सारा व अब्राहम ही दोन मुले होती, नव्या बायकोची पहिल्या नवऱ्यापासूनची तीन होती आणि हँक्स घराण्यातला डेनिस नावाचा तरुणही होता. रकान्यांवरून वंशावळ काढणारा या सर्वांना थॉमसच्या पोटी घालील.

१८९० ची जनगणना न सापडल्यास स्वतःला दोष देऊ नये. राजधानी वॉशिंग्टनमध्ये जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीनंतर तिचा अगदी थोडा भाग उरला आहे.

पाचवी चूक: जुन्या शब्दांना आणि तारखांना आजचा अर्थ लावणे

कोर्टाच्या कागदातील इन्फंट म्हणजे तान्हे मूल नव्हे, एकवीस वर्षांखालील कोणीही. ऑर्फन म्हटलेल्या मुलाचे वडील वारलेले असतात, आई पुष्कळदा जिवंत असते. कझिन म्हणून पुतण्या किंवा भाचाही निघतो, आणि मदर-इन-लॉ कधी सासू असते तर कधी सावत्र आई. मृत्युपत्रात सध्याची पत्नी असे लिहिले, तर पहिली बायको असलीच पाहिजे असा तर्क अनेकजण करतात. लिहिणाऱ्याला बहुधा एवढेच म्हणायचे असते की ही देणगी आजच्या पत्नीला आहे, पुढे दुसरी केली तर तिला नाही.

मृत्युपत्रात नाव नाही म्हणून मुलगा नाही, हेही खरे नव्हे. त्याला हिस्सा आधीच दिलेला असू शकतो. कॅप्टन अब्राहम १७८६ मध्ये मूलनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला तेव्हा त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते, आणि व्हर्जिनियाच्या तेव्हाच्या कायद्याने अशी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. हा कायदा दुसऱ्याच वर्षी बदलला. जमीन थोरला मुलगा मॉर्डेकाय (नाव पणजोबांचेच) याला मिळाली आणि धाकटा थॉमस वाढला तो मजुरी करत. केवळ जमिनीच्या दप्तरावरून पाहिले तर राष्ट्राध्यक्षांचा बाप या घरचा वाटतच नाही.

तारखांचा घोळ १७५२ च्या आधीचा आहे. तोवर इंग्रजी वसाहतींत कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखेपुढे १७३५/३६ असे दुहेरी साल दिसते (जुन्या गणनेने १७३५, आजच्या गणनेने १७३६). मुलाचा जन्म आई-बापांच्या लग्नाआधी निघाला, तर कुजबुज करण्यापूर्वी हे साल नीट वाचावे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या नोंदींत महिन्यांना नावांऐवजी क्रमांक असतात, आणि १७५२ पूर्वीचा पहिला महिना म्हणजे मार्च.

सहावी चूक: कोर्टहाउस जळाले म्हणून हात टेकणे

व्हर्जिनियातील काही काउंट्यांनी यादवी युद्धात आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये ती तिथेच जळाली. बकिंगहॅम काउंटीचे कोर्टहाउस १८६९ मध्ये जळाले. पण काउंटीची प्रत जळाली तरी राज्याला पाठवलेली प्रत वाचलेली असू शकते. व्हर्जिनियाच्या वैयक्तिक मालमत्तेच्या करयाद्या १७८२ पासून आहेत आणि त्या वर्षागणिक ओळीने वाचल्या, तर घरातला मुलगा केव्हा वयात आला, बाप केव्हा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी विधवेचे नाव केव्हा आले, हे जवळपास जन्ममृत्यूच्या नोंदीसारखे कळते. क्रांतियुद्धातील (अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील) सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शनची प्रकरणे नॅशनल अर्काइव्ह्ज या अमेरिकी सरकारच्या दप्तरखान्यात आहेत. लग्न सिद्ध करण्यासाठी काही विधवांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांची पाने फाडून अर्जाला जोडली. असे पान हाती आले, तर ते बायबल कोणत्या साली छापले होते हे आधी पाहावे. १८१५ मध्ये छापलेल्या ग्रंथात १७८० ची नोंद असेल, तर ती आठवणीने किंवा दुसरीकडून उतरवलेली आहे.

फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर अशा असंख्य पानांचे स्कॅन मिळतात, मात्र सगळ्यांची सूची झालेली नाही. शोधखिडकीत नाव टाकून काही आले नाही, याचा अर्थ कागद नाही असा होत नाही. वहीचे स्कॅन पानापानाने चाळावे लागतात. तिथली इतरांनी चढवलेली वंशझाडे दिशा दाखवण्यापुरती वापरावीत. वीस झाडांत एकच बाप लिहिलेला असला, तरी वीसही जणांनी तो एकाच झाडावरून उतरवलेला असू शकतो. डीएनए चाचणी चार-पाच पिढ्यांपर्यंत चांगली साथ देते. त्याहून मागच्या एखाद्या पूर्वजाचा अंशही आपल्यात उरलेला नसण्याची शक्यता असते.

आणि शोध खरोखर अडलाच, तर कुटुंब जिथे राहात नव्हते तिथली जमीन पाहावी. मॉर्डेकाय पेनसिल्व्हेनियात वारला, पण त्याच्या मृत्युपत्रात न्यू जर्सीतील तीनशे एकर जमीन मुलगा जॉन याच्या नावे आहे. पेनसिल्व्हेनियातील जॉन आणि न्यू जर्सीहून आलेला मॉर्डेकाय यांना बाप-लेक म्हणून बांधणारा दुवा असा जुन्या, मागे सोडलेल्या जमिनीच्या कागदात होता, आणि राष्ट्राध्यक्षांची १८४८ मधली पत्रे तिथवर पोहोचली नव्हती.