चेंडू दाबायला देऊ नका, ग्लास सोडायला शिकवा

पक्षाघाताचा पेशंट घरी आला की कुणीतरी त्याच्या हातात मऊ चेंडू देतं आणि ‘दाबा, दाबा’ सुरू होतं. मी फिजिओथेरपिस्ट, तो चेंडू पहिल्याच भेटीत बाजूला ठेवते. हालचाल परतू लागली की बोटं सहसा आधी मिटायला लागतात. घोडं अडतं ते मूठ उघडताना.

त्याआधी खांदा सांभाळा. स्नायू ढिले असताना हाताच्या वजनानेच दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकतं. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खळगा लागतो. म्हणून उठवताना लुळा हात धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. बसल्यावर हात उशीवर किंवा टेबलावर हवा, लोंबकळता नको. आणि चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात वर न्यायची, दारावर टांगायची ती पुली नकोच. तिने दुखणारे खांदे मी पुष्कळ पाहिलेत.

थोडी बोटं हलत असतील तर प्लॅस्टिकचा रिकामा ग्लास घ्या. कोपर टेबलावर, पाठ खुर्चीला टेकलेली. ग्लास पकडायचा, जरा पुढे न्यायचा आणि सोडायचा. मार्क सोडण्याचे. अंगठा बाजूला होतोय का पाहा. खांदा कानाकडे चढला किंवा धड पुढे झुकलं, तर ग्लास जवळ घ्या. दहा वेळा करून भागत नाही. थोडी थोडी विश्रांती घेत दिवसभरात शेकड्याच्या घरात जायला हवं. बटण, कंगवा, टॉवेलची घडी, सगळं त्यातच धरा.

मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी वर उचलता येत असतील, तर चांगल्या हाताला जाड मोजा घालून दुबळ्याला कामाला लावता येतं. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांची; मूळ पद्धतीत दोन आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ चांगल्या हातात मोजा आणि रोज सहा तास सराव असे. घरी एवढं कुणाला झेपतंय? कमी तासांची पद्धतही आहे, फिजिओकडून आखून घ्या. चालताना आणि गरम वस्तूंजवळ मोजा काढायचाच.

काहीच हलत नसेल तर आरसा. तो दोन्ही हातांच्या मधोमध उभा करा, दुबळा हात मागे लपवा, चांगल्या हाताची उघडझाप प्रतिबिंबात बघत राहा. जमेल तसा मागचा हातही हलवू पाहा.

खांदा दुखला, पंजा सुजला तर ताणत बसू नका, फिजिओला दाखवा. अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा नव्याने ताकद गेली, तर थेट हॉस्पिटल गाठा.