दाढीच्या साबणाचा फेस आणि किनाऱ्यावरचे पाणी

वैशाख सरत आला आणि खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागले की त्याची खूण चहाची चव बिघडण्याआधी दाढीच्या वाटीत दिसते. दाभोळच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरी मी हा अनुभव लागोपाठ काही उन्हाळे घेतला. एरवी मिनिटभरात वर येणारा फेस मे महिन्यात वाटीच्या कडेला पांढऱ्या कण्यांसारखा चिकटून राही आणि गालावर लावला की पाते अडखळे. दोष साबणाचा असावा असे समजून मी एका उन्हाळ्यात तीन निरनिराळ्या वड्या आणल्या, पण तिन्हींची गत तीच झाली. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर पागोळीखाली धरलेल्या तांब्याभर पाण्यात त्यांतल्या पहिल्याच वडीने असा दाट फेस दिला की उरलेल्या दोन वड्या आणण्याचे कारणच नव्हते, हे उघड झाले. म्हणून या विषयाची सुरुवात मी साबणापासून न करता पाण्यापासून करतो. कोकणात राहणाऱ्याने तरी तशीच करावी.

शाळेच्या पुस्तकात आपण सुफेन (सहज फेस येणारे) आणि दुष्फेन (फेस न धरणारे, म्हणजेच कठीण) पाणी हे दोन शब्द शिकतो. त्यांतच या गोष्टीचे मर्म आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असले की ते साबणातील मेदाम्लांशी जुळून न विरघळणारा साका तयार करतात आणि तेवढा साबण फेसासाठी वाया जातो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे ०.४ ग्रॅम असते. विहिरीतल्या गोड्या पाण्याच्या वीस तांब्यांत समुद्राचा एक तांब्या मिसळला, तरी या दोहोंमुळे येणारा कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने मोजला तर, लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा २०० आहे. याखेरीज साधे मीठसुद्धा साबणाला पाण्यातून बाहेर ढकलते. साबण तयार करणारे कारागीर घाणातील साबण वेगळा काढण्यासाठी मिठाचाच उपयोग करतात.

अशा विहिरीवर आंघोळीच्या साबणाला थोडाफार फेस येतो आणि दाढीचा साबण मात्र फुटतो, याचे अनेकांना नवल वाटते. याचे कारण नारळात आहे. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असते आणि त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतो. पूर्वी जहाजांवर समुद्राच्या पाण्याने आंघोळ करण्यासाठी जो साबण नेत असत, तो खोबरेल तेलाचा असे. दाढीच्या साबणाचा भर मात्र स्टिअरिक आम्लावर असतो. त्याचा फेस सावकाश चढतो, पण त्याचे बुडबुडे बारीक आणि पडदा जाड असल्यामुळे तो दहा मिनिटे टिकतो. हेच आम्ल कठीण पाण्यात सर्वांआधी साका धरते.

पाणी कसे आहे हे पाहण्यासाठी झाकणाची स्वच्छ बाटली घ्यावी, तीत अर्धी बाटली पाणी भरावे, दाढीच्या वडीचा चिमूटभर कीस टाकावा आणि जोराने हलवावे. फेस वर राहून खालचे पाणी किंचितच धूसर दिसले तर पाणी सुफेन आहे. फेस लगेच बसून पाण्यात कण तरंगू लागले तर ते दाढीला निरुपयोगी आहे. जांभ्याच्या सड्यावरील आणि डोंगरउतारावरील विहिरींचे व झऱ्यांचे पाणी सहसा सुफेनच निघते, कारण दरवर्षी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाने त्या दगडातील विरघळण्याजोगे बरेचसे क्षार कधीच धुऊन नेलेले आहेत. पुळणीवरील विहिरींचे तसे नाही. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यामुळे चवीला गोड असलेले पाणीही कठीण असू शकते. तपेल्यात पाणी तापवून तापवून आत पांढरा थर बसत असेल, तर हा कठीणपणा बराचसा उकळून जातो. पाणी खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि तळाचा गाळ न ढवळता वरचे पाणी घ्यावे. मचूळ पाणी मात्र कितीही उकळले तरी सुधारत नाही. त्यातले पाणी वाफेने उडून जाते, मीठ तसेच राहते आणि पाणी उलट अधिक खारट होते.

सुदैवाने एका दाढीला चांगले पाणी अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. विहीर मचूळ असली तर पिण्यासाठी आणलेल्या गोड्या पाण्यातून एक तांब्या बाजूला काढावा आणि ब्रश भिजवणे, फेस करणे व फेस लावण्यापूर्वी चेहरा ओला करणे ही तीन कामे त्याच पाण्याने करावीत. दाढीनंतर चेहरा धुणे कोणत्याही पाण्याने चालते. पावसाळ्यात पागोळीचे पाणी धरावे, मात्र पहिल्या दोनचार सरी सोडून द्याव्यात, कारण त्यांत कौलांवरील धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा उतरते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची असेल तर ती बेताने फिरवावी, कारण तुरटीतील ॲल्युमिनियमही साबणाचा साका करते. याच कारणाने दाढीनंतर गालावर फिरवलेला तुरटीचा ओला खडा ब्रशच्या वाटीत ठेवू नये. पाणी सुधारेल या समजुतीने त्यात लिंबू पिळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. आंबटपणामुळे साबण मोडून त्यातील मेदाम्ल मोकळे होते आणि फेस येतच नाही.

आता साबणाविषयी. वेष्टनावर घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात. तेथे पोटॅशियम स्टिअरेट, सोडियम स्टिअरेट किंवा स्टिअरिक आम्ल सुरुवातीलाच आढळले तर साबण दाढीसाठी विचार करून केलेला आहे असे समजावे. पोटॅशियमच्या अल्कलीने केलेला साबण मऊ असतो व पाण्यात लवकर विरघळतो, तर सोडियमच्या अल्कलीने केलेला कठीण वडी धरतो. चांगल्या दाढीच्या साबणात बहुधा दोन्ही असतात. ग्लिसरीन फेसातील पाणी धरून ठेवते. ज्या कोकमाची आमसुले आपण घरोघरी करतो, त्याच्याच बियांतून निघणाऱ्या मुठेलात निम्म्याच्या आसपास स्टिअरिक आम्ल असते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टाचांच्या भेगांना लावण्याचे मुठेल आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. घरगुती साबण करणाऱ्यांनी दाढीच्या वडीसाठी त्याचा विचार अवश्य करावा. आंघोळीच्या वडीने दाढी करू नये. तिचा फेस भराभर फुगतो आणि पाते दुसऱ्या गालावर पोहोचेपर्यंत विरून जातो.

ब्रश डुकराच्या राठ केसांचा असेल तर तो कोमट पाण्यात निदान तीन मिनिटे भिजवावा, कारण ते केस स्वतः पाणी पितात आणि कोरडे राहिले तर फेसातले पाणी शोषून घेतात. बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशला मिनिटभर पुरते. कृत्रिम धाग्यांचा ब्रश नुसता बुडवून घेतला तरी चालतो, आणि दमट हवेत तो लवकर सुकतो म्हणून किनाऱ्यावरील नवशिक्यासाठी मी तोच सुचवीन. पाणी हाताला सुखद वाटेल इतकेच कोमट असावे. उकळत्या पाण्याने केसांची मुळे धरून ठेवणारा गोंद सैल होतो आणि गरम फेस तोंडावर लवकर सुकतो. ब्रश भिजत असताना वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवावे, म्हणजे तिचा वरचा थर मऊ होतो.

तोवर चेहरा धुऊन घ्यावा. आपल्याकडे अंगाला आणि डोक्याला खोबरेल तेल लावण्याची चाल आहे, पण तेलाचा अंश गालावर राहिला तर उत्तम फेससुद्धा तेथे बसकण मारतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने चेहऱ्यावर बसलेले मीठ आणि घाम हेही फेसाचे वैरीच आहेत. म्हणून आधी साबणाने तोंड धुवावे आणि नंतर दोन-तीन मिनिटे कोमट पाणी दाढीवर राहू द्यावे. पाणी शोषलेला केस मऊ होतो व त्याला कापण्यास कमी जोर लागतो. फेसाचे निम्मे काम ते पाणी केसात टिकवून ठेवणे हेच आहे.

यापुढचा भाग सावकाश करण्याचा आहे. वडीवरचे पाणी ओतून द्यावे, ब्रश हलकेच पिळून एकदोनदा झटकावा, म्हणजे तो ओलसर राहतो पण त्यातून पाणी ठिबकत नाही. मग वडीवर तो गोलाकार फिरवावा. पहिल्या दहा सेकंदांत मोठे बुडबुडे दिसतील. त्यांना भुलून हात थांबवू नये. बहुतेकांची चूक येथेच होते. त्यांनी साबण पुरेसा घेतलेला नसतो आणि पुढे ती उणीव पाण्याने किंवा जोराने भरून निघत नाही. निदान तीस सेकंद, कठीण वडी असेल तर पाऊण मिनिट ब्रश फिरवत राहिले की बुडबुडे नाहीसे होऊन केसांच्या टोकांवर चक्क्यासारखा चिकट, जड लेप दिसू लागतो. चक्का दिसला की साबण पुरेसा झाला.

हा लेप वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर घोळावा. वाटीचा तळ आतून थोडा खडबडीत असेल तर काम लवकर होते. आता बोटांची टोके पाण्यात बुडवून पाच-सहा थेंब घालावेत आणि ते पूर्ण मुरेपर्यंत ब्रश फिरवावा. मग पुन्हा पाच-सहा थेंब. एकदम चमचाभर पाणी घालू नये, कारण जास्त झालेले पाणी परत काढता येत नाही. प्रत्येक वेळी फेसाचा रंगढंग पाहावा. तो निस्तेज असेल आणि ब्रश उचलताना तार धरत असेल तर अजून तहानलेला आहे. घट्ट विरजलेल्या दह्यासारखी कांती त्याच्यावर आली, ब्रश वर उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहून किंचित वाकला आणि डोळ्यांना एकही बुडबुडा वेगळा दिसेनासा झाला की फेस तयार झाला. पाण्याच्या मानाने या कामाला एक ते दोन मिनिटे लागतात. चिमटीत थोडा फेस घेऊन बोटे एकमेकांवर घासावीत. बोटे बुळबुळीत सरकली पाहिजेत, कारण फेसाची उंची पाहायला चांगली असली तरी पात्याला हवी असते ती ही बुळबुळ. फेस पातळ होऊन सोलकढीसारखा ओघळू लागला तर वाटीत हात मारत बसण्याऐवजी ब्रश पुन्हा वडीवर दहा सेकंद फिरवावा. बुडबुडे मोठे राहत असतील तर वेग कमी करावा आणि ब्रशची टोकेच तेवढी फेसाला लावावीत, म्हणजे हवा कमी कोंडली जाते.

चेहऱ्यावर फेस आधी गोलाकार लावावा, त्यामुळे केस उभे राहून त्यांच्या मुळापर्यंत तो पोहोचतो. शेवटी रंग दिल्याप्रमाणे ब्रश आडवा फिरवून थर सारखा करावा. हनुवटी आणि ओठांवरील राठ केसांपासून सुरुवात करावी, म्हणजे त्यांना भिजण्यास अधिक वेळ मिळतो. पंख्याखाली दाढी करू नये. फेस सुकू लागला तर ओला ब्रश पुन्हा एकदा फिरवावा, कोरड्या फेसावर पाते चालवू नये.

पावसाळ्यात साधनांची काळजी वेगळी घ्यावी लागते. हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते आणि ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते, म्हणून झाकलेल्या डबीत ठेवलेली वडी गिळगिळीत होते व तिच्या कडेला पाणी सुटते. दाढी झाल्यावर वडीवरचा उरलेला फेस बोटाने पुसून काढावा आणि डबी काही तास उघडी ठेवावी. ब्रश स्वच्छ गोड्या पाण्यात, फेसाचा अंश राहणार नाही इतका धुवावा, झटकावा, कोरड्या पंचावर टोकांनी पुसावा आणि न्हाणीघरात न ठेवता पडवीत वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावा. नैसर्गिक केसांचा ब्रश श्रावणात चोवीस तासांतही मुळाशी सुकत नाही आणि त्याला कुबट वास येऊ लागतो, म्हणून रोज दाढी करणाऱ्याने दोन ब्रश ठेवून ते आलटून पालटून वापरावेत.